पांढऱ्या पायाचा

"दादा, तो बॉल ठेव खाली आणि माझ्याकडं बघ," शिरपा म्हणाला.

मी बघितलं नाही. फायनलचा बॉल होता. ब्लॅडरमध्ये हवा भरून, त्याची मान मुडपून आत दाबली होती आणि वरून चामड्याची वादी ओवत होतो. ह्या कामात मधेच हात काढला की मान बाहेर येते आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. त्यात माझी रीत वेगळी. बाकीचे लोक फुल्या घालत जायचे. मी चार टाके सरळ घ्यायचो, पाचवा तिरका मारायचो आणि त्याच्याखाली गाठ लपवायचो, म्हणजे हेड मारणाऱ्याच्या डोक्याला गाठ लागू नये. कोल्हापुरात कुठल्याही मैदानावर बॉल हातात घेतला की लोक सांगायचे, हा वेशीजवळच्या रंगा इंगवल्याच्या सायकल दुकानातला.

"बोल की. कान उघडेच हायत."

"आज तू मॅचला येणार."

आता मात्र माझा हात थांबला.

"शिरपा, जेवून जरा पड जा. साडेचारला मॅच हाय."

"मी जेवलोय. तू येणार का न्हाई ते सांग."

शिरपती माझा धाकटा भाऊ. बावीस वर्षांचा, वेशीकडील तालमीचा सेंटर फॉरवर्ड. एकोणीसशे एकोणसत्तरचा मे महिना होता. तुम्ही म्हणाल, भाऊ फायनल खेळतोय तर भावानं जावं, ह्यात विचारायचं काय? पण मी पांढऱ्या पायाचा होतो. आपल्याकडं हा शब्द नव्या सुनेला लावतात. ती उंबऱ्यातून आत आली आणि म्हैस मेली, सासरा पडला, की झाली ती पांढऱ्या पायाची. बिचारीनं काही केलेलं नसतं. मीही काही केलं नव्हतं.

पाच वर्षांपूर्वी एका मॅचला दुकान बंद करून उशिरा पोचलो. आपण दोन शून्यानं पुढं. मी पायरीवर बूड टेकलं आणि तीन गोल खाल्ले. पुढच्या मॅचला वेळेवर गेलो, तर आपल्याच फुलबॅकनं आपल्याच जाळीत बॉल घातला. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा पेनल्टी मिळाली. मी आनंदानं उभा राहिलो आणि बॉल बारवरून थेट रस्त्यावर. दुसऱ्या दिवशी आबा मिठारी दुकानात आले. आबा म्हणजे आमच्या तालमीचे वस्ताद आणि टीमचे कारभारी. शब्दाला मऊ माणूस. चहा घेतला, सायकलची घंटी वाजवून बघितली, आणि मग म्हणाले, "रंगा, रागावू नगंस. पुढच्या मॅचला तू जरा घरातच थांब. बघू तर खरं."

मी थांबलो. आपण तीन शून्यानं जिंकलो.

झालं! तिथून पुढं मी कधी आत गेलो नाही आणि वेशीकडील तालमीनं कधी मागं बघितलं नाही. चार वर्षांत अकरा शील्डा. आजही पेठेत म्हातारी माणसं कट्ट्यावर बसली की त्या चार वर्षांच्या गोष्टी निघतात. विंगवरच्या गुंडूची ती पळत सुटायची तऱ्हा, शिरपाचा उजवा पाय, कुठल्या मॅचला किती मिनिटं राहिली असताना कुणी काय केलं. सगळं कोल्हापूर त्या काळात मैदानावर होतं. मी मैदानाबाहेर होतो.

घरात बसवायचं नाही. बायको म्हणायची, "अवो, एका जागी बसा की. पायाला काय इंगळ्या डसल्यात?" इंगळ्याच. मॅच सुरू झाली की माझे पाय सुरू व्हायचे. मैदानाच्या भिंतीला लागून फेरी मारायची, बाजारातून वळायचं, परत यायचं. मागच्या वळणावर पिंपळाखाली घोड्यांना पाणी पाजायची जुनी दगडी डोणी होती, तिच्या काठावर टेकायचं. टेकलं की परत उठायचं. भिंतीपलीकडून आवाज यायचा आणि त्यातच मी मॅच बघायचो. खोटं कशाला सांगू, त्यात मी तयार झालो होतो. आपला गोल झाला की आवाज खालून वर येतो आणि संपायचं नावच घेत नाही. हुकला तर वर जातो आणि मोडतो. समोरच्यांनी केला तर पलीकडच्या अंगाला ओरडा आणि आपल्या बाजूला एकदम मयताची शांतता. पेनल्टीला दोन्हीकडं शांतता. अकरा शील्डा मी अशा कानांनी जिंकल्या.

"परवा मी पुण्याला चाललो," शिरपा म्हणाला. "कारखान्यात एकदा चिकटलो की कसलं खेळणं न् कसलं काय. आज शेवटची मॅच हाय. चार वर्षं खेळलो दादा, तू मला एकदा तरी बघितलंस?"

"रोज सकाळी तालमीमागं सराव करतोस, तो कोण बघतंय?"

"सराव म्हणजे मॅच न्हवं."

"आणि हरला तर? समोर चिंचबनवाले हायत, दोन वर्षं दात धरून बसल्यात. पेठ मला जित्ता सोडंल?"

"त्यासाठीच ये म्हणतोय." तो खोक्यावरून उठून माझ्यासमोर येऊन बसला. "मला आईनं वाढवलं न्हाई, तू वाढवलंस. तुझ्याच दुकानाच्या जिवावर बूट घातले. आणि शेंबडी पोरं येऊन मला इचारत्यात, तुझा भाऊ पांढऱ्या पायाचा हाय न्हवं? लई लागतंय मला. आज तू आत बसणार, मी गोल मारणार, आपण जिंकणार. मग तो शब्द कोण काढतंय बघतोच."

 एवढी वर्षं मी समजत होतो की तो शब्द मला एकट्यालाच लागतो.

"बॉलवर हात ठेव," तो म्हणाला. "शप्पथ घे, शेवटपर्यंत बसणार म्हणून."

"खुळा काय तू?"

"हात ठेव."

ठेवला. वादीच्या तिरक्या टाक्यावर ठेवला. "पश्चिमेच्या पायऱ्यांवर, झेंड्याच्या काठीखाली बस," जाता जाता तो म्हणाला, "मी सुरू व्हायच्या आधी बघणार."

चार वाजता मी मैदानाच्या दारात उभा होतो. दारावर आबा. कपाळाला गुलाल, हातात तिकिटांचा गठ्ठा. मला बघितलं आणि त्यांच्या तोंडावरचा रंग उतरला. मी मनात म्हणत होतो, आबा, नको म्हणा. एकदा नको म्हणा, मी इथूनच मागं फिरतो, शपथ मोडल्याचं पाप तुमच्या डोक्यावर. पण आबा भला माणूस.

"ये रंगा," ते म्हणाले. "तुझंबी मैदान हाय ते."

आणि मी आत शिरल्यावर त्यांनी तोंड वळवून गळ्यातल्या ताइताला हात लावला. मी ते बघितलं. नसतं बघितलं तर बरं झालं असतं.

पश्चिमेच्या पायऱ्या खच्चून भरलेल्या. मुंगीला पाय ठेवायला जागा नव्हती, पण मी झेंड्याखाली गेलो आणि जागा झाली. दोन्ही बाजूंनी झाली. "आयला, इंगवले आला," कुणीतरी म्हणालं. कुणी शिवी दिली नाही. नुसते सरकले. खेटून बसलेल्या त्या गर्दीत माझ्या दोन्ही अंगांना हातभर दगड मोकळा राहिला.

टीम मैदानात आली. शिरपानं वर बघितलं, काठी शोधली, मी दिसलो. त्यानं हात वर केला. मीही केला. 

आणि मग मी माझ्या भावाला खेळताना बघितलं.

काय सांगू तुम्हाला! चार वर्षं ज्याच्या मोज्याचे वास घेतले, ज्याच्या गुडघ्याला हळद-चुना लावला, तो पोरगा मला माहीतच नव्हता. तो तोंड उघडं टाकून पळायचा. बॉल नसताना स्वतःशीच काहीतरी पुटपुटत असायचा. डावा मोजा सारखा खाली यायचा आणि तो पळता पळता वाकून वर ओढायचा. बॉल पायात आला की खांदे सैल पडायचे, अंगणात चालल्यासारखा चालायचा, आणि समोरचा अंगावर आला की तिथं नसायचाच. माझ्या छातीत इतका आनंद भरला की मी शेजाऱ्याला म्हणालो, "माझा भाऊ हाय तो!" जसं काही त्याला ठाऊक नव्हतं.

विसाव्या मिनिटाला चिंचबनचा गोल झाला.

आमच्या पायऱ्यांवर ती मयताची शांतता. आतून ती मी पहिल्यांदाच ऐकली, आणि आतून ती फार वाईट असते. मग माना वळायला लागल्या. गोल मैदानात झाला होता आणि लोक बघत होते माझ्याकडं.

हाफ टाइमला नुसत्या भुईमुगाच्या शेंगा फुटत होत्या. मागच्या पायरीवरचा एक म्हातारा शेवटी पुढं वाकला. पंचाहत्तरीचा असेल, पटका जुना, डोळ्यांत पाणी. लई अजिजीनं म्हणाला, "बाबा, एवढा वेळ बसलायस. लघवीला तरी जाऊन ये जरा."

दुसरं कुणी हसलं असतं. मलाही हसू यायला पाहिजे होतं. पण म्हातारा मस्करी करत नव्हता. हात जोडायचे तेवढे त्यानं बाकी ठेवले होते.

"लागली न्हाई काका," मी म्हणालो, आणि पायरीचा दगड दोन्ही हातांनी धरून ठेवला.

दुसऱ्या हाफमध्ये आपण अंगावर अंगावर गेलो. गुंडूनं दोनदा मोकळा बॉल काढून दिला, दोन्ही वाया. शिरपानं उजव्या पायानं असा एक ठोकला की मी उठून उभा राहिलो, आणि बॉल खांबाला लागून परत आला. मी उभा राहिलो म्हणून लागला. असं मला कुणी सांगितलं नाही, माझं मीच सांगितलं. बसलो.  पन्नास मिनिटं झाली, साठ झाली. प्रत्येक वेळी बॉल हुकला की माना वळायच्या, आणि एकदा तर शिरपानंही वळून बघितलं. तो मला धीर द्यायला बघत होता, हे आज कळतं. तेव्हा मला ते निराळंच दिसलं. मला वाटलं, तोही ऊठ म्हणतोय.

दहा मिनिटं राहिली होती. पलीकडच्या बाजूला थ्रो होता, शिरपाची पाठ माझ्याकडं होती. तेवढी वेळ साधून मी उठलो.

वाट द्यायला कुणाला सांगावं लागलं नाही. म्हाताऱ्यानं तर माझ्या पाठीवरून हात फिरवला. दारात आबा होते. माझ्याकडं बघितलं आणि मोठ्या दारातली छोटी दिंडी उघडून धरली. मी बाहेर पडलो आणि पळत सुटलो. सत्तावीस वर्षांचा बाप्या, दोन पोरांचा बाप, भर उन्हात भिंतीच्या कडेनं पळतोय. डोणीपाशी पोचलो, काठावर टेकलो. शपथ मोडली होती. पण मला काय वाटत होतं सांगू? सुटल्यासारखं वाटत होतं. भिंत मधे आली आणि मला परत नीट दिसायला लागलं.

चार मिनिटांत आवाज आला. खालून वर, लांबलचक. आपला! एक एक झाले.

मी उठलो, डोणीला फेऱ्या घातल्या. बसलो. उठलो. मधे एक आवाज वर जाऊन मोडला. मग बराच वेळ काहीच नाही. मग एकदम भिंत पडल्यासारखा आवाज झाला आणि तो थांबेचना. त्या आवाजातून हळूहळू दोन अक्षरं वेगळी झाली. "शिर-पा! शिर-पा!"

मी एकटाच त्या पिंपळाखाली नाचलो. खरंच नाचलो.

शिट्टी झाली आणि दारं उघडली तसा मी उलट्या गर्दीतून आत घुसलो. शिरपाला खांद्यावर घेतलं होतं. गुलालानं डोळे बंद, हातात बूट. त्यानं मला लांबूनच हेरलं आणि खांद्यावरून उडी टाकली. येऊन माझ्या गळ्यात पडला. ढोल-ताशे एवढे कडकडत होते की त्याचं तोंड माझ्या कानाला लागलं तेव्हाच ऐकू आलं.

"दादा, बघितलास?"

"बघितला की!"

"शेवटपर्यंत बसलास?"

"बॉलवर हात ठेवला होता न्हवं?"

त्यानं माझा खांदा सोडला नाही. "कुठल्या पायानं मारला सांग."

आता ह्यात विचार काय करायचा? आख्खं कोल्हापूर सांगेल. "उजव्या," मी म्हणालो. "असा मारलास की गोलकीपर हललाच न्हाई."

 ढोलाचे दोन ठोके पडले. मग तो म्हणाला, "बरोबर."

आणि मागं सरून माझ्याकडं बघून हसला. तेव्हा मला त्याचं कपाळ दिसलं. गुलालाखाली, भुवयांच्या वर, मातीचा आणि तेलाचा गोल उठला होता. त्या गोलात वळ होते. चार सरळ, पाचवा तिरका. तिरक्याखाली कातडं फाटून रक्त आलं होतं, जिथं मी गाठ लपवली होती तिथं.

त्यानं हेड मारला होता. हजारो लोकांनी बघितला होता. मी म्हणालो होतो, उजव्या पायानं.

मी तोंड उघडलं, पण तो वळला होता. त्यानं हात वर करून ढोलवाल्यांना थांबवलं. गर्दीत कुणीतरी आधीच म्हणत होतं, "इंगवले उठून गेला म्हणून गोल झाले बघा." शिरपानं ते ऐकलं असणार. घसा फाडून ओरडला, "ऐका रे! मी गोल मारला तेव्हा माझा दादा झेंड्याखाली होता. मी त्याच्याकडं बघूनच मारला. आता कोण त्याला पांढऱ्या पायाचा म्हणतंय, त्यानं माझ्यासमोर येऊन म्हणावं!"

कुणी पुढं येईना. पायऱ्यांवरची दहा-वीस माणसं एकमेकांकडं बघायला लागली. त्यांना ठाऊक होतं. तो पटकेवाला म्हातारा मान खाली घालून चप्पल शोधत होता. आणि मग आबा मिठारी, ज्यांनी स्वतःच्या हातानं मला दिंडी उघडून दिली होती, ते गर्दीतून पुढं आले.

"व्हय," आबा म्हणाले. "हुता. मीबी बघितलाय."

वस्तादाच्या शब्दावर पेठेत कोण बोलणार? तो शब्द त्या संध्याकाळी मैदानातच गाडला गेला. दोन दिवसांनी शिरपा पुण्याला गेला. यष्टीत बसताना त्याच्या कपाळावर चिकटपट्टी होती. मी म्हणालो, "शिरपा, ते कपाळाचं..." तो म्हणाला, "दरवाजा लागला," आणि खिडकीतून हात बाहेर काढून माझा हात दाबला. तो मोठेपणा होता का राग होता, मला कळलं नाही. त्या गोष्टीवर आम्ही परत कधी बोललो नाही.

आता ह्यातली खरी गंमत ऐका. मी मोकळा झालो. त्यानंतर आमच्या तालमीची एकही मॅच मी चुकवली नाही. चुकवणार कशी? न जावं तर लोक म्हणतील, म्हणजे तेव्हाही हा उठूनच गेला होता. भावाचा आणि आबांचा शब्द खोटा पडेल. म्हणून दर मॅचला झेंड्याखाली जाऊन बसायचो, दगड धरून, पायाला इंगळ्या डसत असताना. आणि वेशीकडील तालीम त्यानंतर पन्नासच्या वर वर्षं एकही शील्ड जिंकली नाही. शिरपा गेला, गुंडूचा पाय मोडला, आबा वारले, पोरं नोकरीला लागली, कारणं ढीगभर आहेत. मला कुणी एका शब्दानं बोललं नाही. पण हार पडली की कधीकधी एखादी म्हातारी मान वळायची आणि लगेच परत फिरायची.

आणि हल्लीची पोरं येऊन पाया पडतात. "आजोबा, तुम्ही तो काळ बघितलाय न्हवं? नशीबवान." मी म्हणतो, बघितला की. मग ते गोष्टी सांगा म्हणतात. मी सांगतो. आवाजावरून सांगतो, पण त्यांना काय कळतंय. शिरपाचा गोल तेवढा कधी सांगत नाही. घसा बसलाय म्हणतो.

गेल्या मे महिन्यात आमची पोरं परत फायनलला पोचली. समोर परत चिंचबन. पेठेनं पोरांना डोक्यावर घेतलं. शिरपाला पुण्याहून गाडी पाठवून आणलं. सत्त्याहत्तर वर्षांचा झालाय, काठी घेऊन चालतो, पण अजून चालताना तोंड उघडं टाकतो. आम्हा दोघांना पुढं खुर्च्या दिल्या, फेटे बांधले. कपाळाला गुलाल लावताना पोराचं बोट त्याच्या भुवईवर थांबलं. "हे कशाचं हो काका?" शिरपा म्हणाला, "दरवाजा लागला."

हाफ टाइमला एक शून्यानं मागं होतो.

माझे पाय सुरू झाले. ब्याऐंशी वर्षांचे पाय, पण सवय जात नाही. मी शिरपाकडं बघितलं नाही. शेजारच्या पोराला म्हणालो, "लघवीला जाऊन येतो जरा."

दारात पोलीस होता, त्यानं सलाम केला. भिंतीच्या कडेनं गेलो. पिंपळ आहे. डोणी अर्धी फुटपाथच्या फरशीत गेलीय, काठ तेवढा वर आहे, शेजारी उसाच्या रसाचं गुऱ्हाळ. फेटा काढून मांडीवर ठेवला आणि काठावर टेकलो. जिवाला बरं वाटलं.

थोड्या वेळानं काठीचा आवाज आला. शिरपा होता. कुणाला न सांगता उठून आला होता. माझ्याशेजारी बसला, गुडघा सरळ केला.

"तू कशाला आलास?" मी म्हणालो. "आत जा की. तुला बघायला लोक आल्यात."

"खुर्चीत कमर अवघडली."

 गुऱ्हाळाचं चाक फिरत होतं. एकदा आवाज वर जाऊन मोडला. "हुकला," मी म्हणालो. तो म्हणाला, "असं कळतंय व्हय तुला?" मी म्हणालो, "कळतंय."  त्यानं काठीनं फरशीवर रेघा ओढल्या. माझ्या मनात पंचावन्न वर्षं एक वाक्य होतं, ते ओठापर्यंत येत होतं आणि परत जात होतं. म्हाताऱ्या माणसाला शरम कशाची वाटावी? पण वाटत होती.

तेवढ्यात आवाज आला. खालून वर, लांबलचक, न थांबणारा. रसवाला गिऱ्हाईक टाकून भिंतीकडं पळाला.

"आपला," मी म्हणालो.

शिरपा हलला नाही. समोर बघत होता. मग त्यानं विचारलं, "कुठल्या पायानं मारला सांग."

मी त्याच्याकडं वळलो. फेटा मागं सरकला होता, कपाळ उघडं होतं. चार वळ केव्हाच गेले होते. पाचवा, तिरका, तेवढा होता.

"डोक्यानं," मी म्हणालो.

त्यानं खिशातून रुमाल काढला, डोळे पुसले, नाक पुसलं, रुमालाची नीट घडी केली. आत ढोल सुरू झाले होते.

"लई उशीर लावलास दादा," तो म्हणाला. "बरोबर."